औष्णिक प्रसरणाचे सिम्युलेशन आणि हातचे गणित : १.८ टक्क्यांचा फरक मान्य करावा का?

मूळ लेख

तापमान वाढल्यामुळे निर्माण होणाऱ्या स्ट्रेसचे (पदार्थात दर क्षेत्रफळामागे येणाऱ्या अंतर्गत बलाचे) सिम्युलेशन मला एका प्रत्यक्ष कामासाठी करायचे आहे. त्या कामाला हात घालण्यापूर्वी, ज्याचे उत्तर कागदावर काढता येते असे एक साधे उदाहरण सोडवून पाहावे आणि आपली पद्धत बरोबर आहे याची खात्री करून घ्यावी, असे ठरवले. उदाहरण असे आहे : कार्बन स्टीलची ५०० मिमी लांबीची, २० मिमी × २० मिमी चौरस छेदाची दांडी. यंग गुणांक (पदार्थाचा ताठपणा) २०० गिगापास्कल, पॉयसन गुणोत्तर (एका दिशेने दाबल्यावर पदार्थ आडव्या दिशेने किती फुगतो ते) ०.३ आणि प्रसरणांक (तापमानामुळे लांबीत होणारी सापेक्ष वाढ) दर अंश सेल्सिअसला १२ दशलक्षांश. दोन्ही टोके पक्की धरलेली आहेत आणि संपूर्ण दांडीचे तापमान २० अंशांवरून १०० अंशांवर जाते.

हातचे गणित एका ओळीचे आहे. दांडी मोकळी असती तर ८० अंशांच्या वाढीने तिची लांबी ०.४८ मिमी वाढली असती. ती वाढू दिलेली नाही, म्हणून दाबाचा स्ट्रेस = यंग गुणांक × प्रसरणांक × तापमानवाढ = १९२ मेगापास्कल.

सिम्युलेशनमध्ये दोन्ही टोकांच्या पृष्ठांवर ‘फिक्स्ड’ ही अट लावली. दांडीच्या मध्यावर १८८.५ मेगापास्कल मिळाले, म्हणजे फरक सुमारे १.८ टक्के. टोकांच्या कडांवर मात्र कमाल स्ट्रेस ३१० मेगापास्कल दिसला. मेश (गणितासाठी दांडीचे जे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडतात त्यांची जाळी) दुप्पट बारीक केल्यावर तो ३८० झाला आणि आणखी एकदा बारीक केल्यावर ४६५. मध्यावरचा आकडा या काळात जागचा हलला नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. १.८ टक्क्यांचा फरक ‘जुळले’ म्हणून मान्य करावा का? आणि कडांवरचा नेमका कोणता आकडा खरा मानावा?

प्रतिसाद १

१.८ टक्के ही उत्तम जुळणी आहे. प्रसरणांकाचे मूल्यच हाती येते तेव्हा त्यात दोन-चार टक्क्यांची अनिश्चितता असते. मध्यावरचा आकडा घ्या, कडांकडे दुर्लक्ष करा आणि मूळ कामाला लागा.

प्रतिसाद २

वरील मताशी मी सहमत नाही, आणि मुद्दा महत्त्वाचा वाटतो म्हणून सविस्तर लिहितो.

प्रसरणांकात अनिश्चितता असते हे खरे आहे, पण ती अनिश्चितता प्रत्यक्ष दांडी आणि गणित यांच्या दरम्यानची आहे. इथे आपण प्रत्यक्ष दांडी मोजलेली नाही. एका बाजूला कागद आहे, दुसऱ्या बाजूला संगणक आहे, आणि दोघांनाही आपणच तोच प्रसरणांक, तोच यंग गुणांक आणि तेच तापमान दिले आहे. प्रश्न रेषीय आहे, तापमान सर्वत्र सारखे आहे आणि छेद एकसारखा आहे. अशा वेळी दोन्ही उत्तरे चौथ्या अंकापर्यंत जुळायला हवीत. ती जुळत नसतील तर दोघांपैकी कोणीतरी वेगळाच प्रश्न सोडवत आहे. फरक १.८ टक्के आहे की १८ टक्के, ही गोष्ट दुय्यम आहे. तो कुठून आला हे सांगता येत नाही, ही खरी अडचण आहे.

मला इथे दोन कारणांचा संशय आहे. पहिले असे की ‘फिक्स्ड’ म्हटल्यावर टोकाच्या पृष्ठावरचा प्रत्येक नोड (मेशच्या जाळीतला बिंदू) तिन्ही दिशांना जखडला जातो. तुमच्या हातच्या गणितात मात्र दांडी फक्त लांबीच्या दिशेने अडवलेली आहे, आडव्या दिशेने फुगायला ती मोकळी आहे. दुसरे कारण म्हणजे सिम्युलेशनमधले संदर्भ तापमान, म्हणजे ज्या तापमानाला वस्तूत स्ट्रेस शून्य आहे असे धरले जाते ते. तुम्ही अंतिम तापमान १०० दिले असेल, परंतु सुरुवातीचे २० कुठे दिले होते हे आपल्या लेखात आलेले नाही.

कृपया दोन गोष्टी करून पाहा. टोकांची पृष्ठे फक्त लांबीच्या दिशेने अडवा आणि दांडी जागेवरून सरकू किंवा फिरू नये एवढ्यापुरतेच एक-दोन नोड आडव्या दिशेने धरा. त्यानंतर संदर्भ तापमानाची नोंद शोधा. हे दोन बदल एकाच वेळी करू नका.

प्रतिसाद ३ (धागाकर्ता)

दोन्ही बदल वेगवेगळे करून पाहिले.

आडवी बंधने काढल्यावर संपूर्ण दांडीत, प्रत्येक एलिमेंटमध्ये, १८७.२ मेगापास्कल एवढा एकच आकडा आला. कडांवरचे उंचवटे पूर्णपणे नाहीसे झाले. यानंतर संदर्भ तापमान शोधले तर ते २२ अंश होते. मी ते कधीच भरलेले नव्हते. प्रणालीने स्वतःहून धरलेले मूल्य तसेच राहिले होते. ते २० केल्यावर उत्तर बरोबर १९२.० आले.

यानंतर कुतूहल म्हणून, संदर्भ तापमान २० ठेवून मूळची ‘फिक्स्ड’ अट पुन्हा लावली. तेव्हा मध्यावर १९३.३ मिळाले. म्हणजे माझ्या पहिल्या उत्तरात दोन वेगवेगळे परिणाम होते, एक आकडा वर नेणारा आणि एक खाली आणणारा, आणि दोघांची अंशतः वजावट होऊन १.८ टक्के उरले होते. मी तो आकडा अहवालात ‘२ टक्क्यांच्या आत जुळले’ असे लिहून मोकळा होणार होतो, हे आता जाणवते आहे.

प्रतिसाद ४ (प्रतिसाद २चे लेखक)

आपण शेवटचा प्रयोग केलात याचा फार आनंद झाला, कारण त्यातूनच दोन्ही कारणे स्वतंत्रपणे हाती लागली. त्यांच्याकडे आता गुणोत्तर म्हणून पाहा. १८७.२ भागिले १९२ म्हणजे ०.९७५, आणि ७८ भागिले ८० म्हणजेही ०.९७५. फरकाची टक्केवारी काढून थांबण्याऐवजी दोन उत्तरांचा भागाकार करावा, असे मी प्रत्येक नवीन सहकाऱ्याला आग्रहाने सांगतो, कारण औष्णिक प्रश्नांत चूक नेमकी कोणती हेच तो भागाकार बहुतेक वेळा सांगतो. हेच उदाहरण घेतले तर १.२५ आल्यास संदर्भ तापमान शून्य अंश राहिलेले असते (१०० भागिले ८०). १.८ किंवा त्याचा व्यस्त आल्यास प्रसरणांक दर अंश फॅरनहाइटचा आणि तापमान सेल्सिअसमध्ये, किंवा याउलट, असा घोळ असतो. स्टीलसाठी कोष्टकात १२ ऐवजी ६.७ दिसले तर तो आकडा फॅरनहाइटचा आहे हे ओळखावे. हजाराच्या पटीत फरक असेल तर मीटर आणि मिलिमीटर यांची सरमिसळ झालेली असते. केल्विन वापरल्याने तापमानातील फरक बदलत नाही, पण एक तापमान केल्विनमध्ये आणि दुसरे सेल्सिअसमध्ये राहिले तर २७३ अंशांची खोटी वाढ गणितात शिरते.

पॉयसन गुणोत्तरातून येणारी गुणोत्तरे अधिक फसवी असतात. एका दिशेने अडवलेल्या दांडीत १९२ मेगापास्कल येतात. तेच स्टील पातळ पत्र्याच्या रूपात दोन्ही दिशांनी अडवले तर १९२ ला (१ − ०.३) ने भागावे लागते आणि २७४ येतात. तिन्ही दिशांनी अडवले तर भाजक (१ − ०.६) होतो आणि स्ट्रेस ४८० वर जातो. पदार्थ तोच आहे, तापमानवाढही तीच आहे, तरीही केवळ बंधनांमुळे उत्तर अडीचपट होते. म्हणून ‘हातचे गणित १९२ सांगते’ हे वाक्य अपुरे आहे. कोणत्या दिशा अडवल्या आहेत हे त्यात आलेच पाहिजे.

आता तुमच्या १९३.३ बद्दल. टोकाशी आडवे फुगणे रोखले गेले की तिथला पदार्थ ती वाढ लांबीच्या दिशेने काढू पाहतो. त्यामुळे टोकालगतचा थोडासा भाग दांडीला थोडे अधिक ढकलतो आणि संपूर्ण दांडीतला अक्षीय दाब वाढतो. दांडीची लांबी तिच्या रुंदीच्या २५ पट असल्यामुळे हा परिणाम एका टक्क्याच्याही आत राहिला. आखूड ठोकळ्यात तो असा दुर्लक्षिता येणार नाही.

कडांवरचा कोणता आकडा खरा, या आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणताच नाही’ असे आहे. पूर्ण जखडलेले पृष्ठ आणि मोकळी बाजू जिथे काटकोनात मिळतात, तिथे रेषीय सिद्धांतानुसार स्ट्रेस अनंताकडे जातो. मेश दर वेळी दुप्पट बारीक केल्यावर तुमचा आकडा साधारण १.२२ पट होत गेला आहे आणि तो असाच वाढत राहील. ३१०, ३८० आणि ४६५ हे मेशचे आकडे आहेत, दांडीचे नव्हेत. प्रत्यक्षात कोणताही आधार इतका ताठ नसतो आणि कोणतीही कड इतकी धारदार नसते.

प्रतिसाद ५

एक छोटीशी भर घालतो. तुलना करताना कोणता स्ट्रेस पाहत आहोत हे तपासावे. अनेक जण सवयीने फॉन मिझेस स्ट्रेस (सर्व दिशांच्या स्ट्रेसमधून काढलेला एकच आकडा) उघडतात. एकाच दिशेच्या स्ट्रेसमध्ये त्याचा आकडा जुळतो, मात्र दाब आहे की ताण हे चिन्ह हरवते. तिन्ही दिशांनी अडवलेल्या ठोकळ्यात तर प्रत्येक दिशेला ४८० मेगापास्कलचा दाब असूनही फॉन मिझेस स्ट्रेस शून्य दिसतो, कारण तो केवळ आकार बदलू पाहणारा भाग मोजतो. मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा तापमानाची अट लागलीच नाही असे समजून अर्धा दिवस ती शोधत बसलो होतो.

प्रतिसाद ६

मी विद्यार्थ्यांना हा विषय शिकवतो. अडवलेल्या दांडीच्याही आधी दोन चाचण्या करून घ्याव्यात असे माझे मत आहे, कारण त्यांत उत्तर शून्य यावे लागते आणि शून्याशी तुलना करताना टक्केवारीची पळवाट उरत नाही.

पहिली चाचणी मुक्त प्रसरणाची. वस्तू कितीही वेड्यावाकड्या आकाराची असो, पदार्थ एकच आणि सर्व दिशांना सारखा असेल, तापमान सर्वत्र सारखे वाढले असेल आणि वस्तू मोकळी असेल, तर तिच्यात कुठेही स्ट्रेस निर्माण होत नाही. ती फक्त प्रमाणात मोठी होते. तिला जागेवर ठेवण्यासाठी नेमकी सहा बंधने पुरतात : एका नोडला तिन्ही दिशांची, दुसऱ्याला दोन दिशांची आणि तिसऱ्याला एका दिशेची, अशा रीतीने की वस्तू सरकणारही नाही आणि फिरणारही नाही, परंतु फुगायला पूर्ण मोकळी राहील. आधारांवरची प्रतिक्रियाबलेही शून्यच यायला हवीत. प्रत्यक्ष कामाच्या मॉडेलवर ही चाचणी पाच मिनिटांत होते आणि नको असलेले एखादे बंधन किंवा एखाद्या भागाला चुकून लागलेला दुसराच पदार्थ लगेच उघड होतो. वस्तूत भोक असेल तर ते लहान न होता मोठेच झाले पाहिजे, अगदी त्या जागी पदार्थ भरलेला असता तर तो जितका वाढला असता तितके.

दुसरी चाचणी तुलनेने कमी जणांना ठाऊक असते. मोकळ्या वस्तूत तापमान एका सरळ रेषेत बदलत असेल, उदाहरणार्थ खालचे पृष्ठ २० अंश आणि वरचे १००, तरीही स्ट्रेस शून्यच राहतो. वस्तू फक्त वाकते. धागाकर्त्यांचीच दांडी घेतली तर वक्रता = प्रसरणांक × तापमानातील फरक ÷ जाडी, म्हणजे वक्रतेची त्रिज्या सुमारे २०.८ मीटर आणि ५०० मिमी लांबीत मध्याचा उठाव १.५ मिमी येतो. हीच चाचणी पहिल्या दर्जाच्या एलिमेंटवर (ज्यांत विस्थापन सरळ रेषेत बदलते असे धरतात) केली की एलिमेंटगणिक उलटसुलट चिन्हांचा खोटा स्ट्रेस दिसू शकतो. त्या एलिमेंटमध्ये स्ट्रेन (लांबीतला सापेक्ष बदल) बराचसा एकसारखा राहतो, तर तापमानातून येणारा स्ट्रेन मात्र उतरता असतो, आणि दोघांमधली तफावत स्ट्रेस म्हणून नोंदली जाते. दुसऱ्या दर्जाचे एलिमेंट वापरले की ती नाहीशी होते.

प्रतिसाद ७

धागा वाचून माझा अडकलेला प्रश्न विचारण्याचे धाडस करतो. स्टील आणि ॲल्युमिनियम यांची द्विधातू पट्टी (एकमेकांना जोडलेले दोन थर), प्रत्येक थर १ मिमी, लांबी १०० मिमी, एक टोक पक्के, तापमानवाढ ८० अंश. ॲल्युमिनियमसाठी यंग गुणांक ७० गिगापास्कल, प्रसरणांक २३ दशलक्षांश आणि पॉयसन गुणोत्तर ०.३३ घेतले. टिमोशेन्को यांच्या द्विधातू पट्टीसाठीच्या १९२५ सालच्या सूत्राने मोकळ्या टोकाचे विस्थापन ३.०७ मिमी येते, तर सिम्युलेशन ४.१९ मिमी दाखवते. संदर्भ तापमान तपासले आहे आणि मेश बारीक करूनही फरक पडत नाही.

प्रतिसाद ८ (प्रतिसाद २चे लेखक)

भागाकार १.३६ येतो. आपण द्विमितीय मॉडेल ‘प्लेन स्ट्रेन’ गृहीत धरून केले आहे का?

प्रतिसाद ९ (प्रतिसाद ७चे लेखक)

होय. पट्टी रुंद असल्यामुळे तेच योग्य असे वाटले होते.

प्रतिसाद १० (प्रतिसाद २चे लेखक)

मग उत्तर तिथेच आहे. प्लेन स्ट्रेनमध्ये रुंदीच्या दिशेचा स्ट्रेन शून्य धरला जातो, म्हणजे पट्टीला त्या दिशेने फुगण्याची सक्त मनाई असते. दाबली गेलेली ती वाढ उरलेल्या दोन दिशांत बाहेर पडते आणि प्रभावी प्रसरणांक (१ + पॉयसन गुणोत्तर) पटीने वाढतो. स्टीलचा १२ चा १५.६ होतो, ॲल्युमिनियमचा २३ चा ३०.६ होतो, आणि दोघांतला फरक ११ ऐवजी १५ दशलक्षांश होतो. १५ भागिले ११ म्हणजे तुमचे १.३६. बाह्य भाराखाली वाकणाऱ्या रुंद पट्टीला प्लेन स्ट्रेन बऱ्याच अंशी चालते, म्हणून ही सवय लागते. तापमानाच्या प्रश्नात मात्र रुंदीच्या दिशेने प्रत्यक्ष कोणी अडवलेले नसेल तर ते चालत नाही. तिथे ‘प्लेन स्ट्रेस’ (रुंदीच्या दिशेचा स्ट्रेस शून्य धरणारे गृहीतक) घ्या किंवा सरळ त्रिमितीय मॉडेल करा.

जाता जाता या सूत्राची एक गोष्ट सांगाविशी वाटते. दोन्ही थरांचे यंग गुणांक समान धरले असते तर विस्थापन ३.३० मिमी आले असते. प्रत्यक्षात ते गुणांक जवळजवळ तिपटीने वेगळे आहेत, तरी उत्तर फक्त ७ टक्क्यांनी बदलले. समान जाडीच्या थरांत वक्रता प्रामुख्याने प्रसरणांकांच्या फरकावर ठरते. म्हणून तिथे विस्थापन जुळले याचा अर्थ यंग गुणांक बरोबर भरला आहे असा होत नाही. त्यासाठी स्ट्रेसही तपासावा लागतो.

प्रतिसाद ११

तापमानाबरोबर बदलणारा प्रसरणांक वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. कोष्टकातला प्रसरणांक त्या तापमानाचा तात्कालिक आहे की संदर्भ तापमानापासून तिथपर्यंतचा सरासरी, हे पाहिल्याशिवाय तो भरू नये. समजा तात्कालिक प्रसरणांक २० अंशांना १२ आणि ४२० अंशांना १६ दशलक्षांश आहे आणि मध्ये तो सरळ रेषेत वाढतो. मग ४०० अंशांच्या वाढीसाठी सरासरी १४ आहे आणि १ मीटर दांडी ५.६ मिमी वाढते. १६ हाच सरासरी म्हणून भरला तर ६.४ मिमी मिळतात, म्हणजे १४ टक्के जास्त. हातच्या गणितातही तोच १६ वापरला तर दोन्ही उत्तरे तंतोतंत जुळतात आणि दोन्ही चुकतात. सरासरी प्रसरणांकाचे कोष्टक ज्या तापमानापासून मोजलेले असते, ते तापमानही प्रणालीला वेगळे सांगावे लागते. ते आणि स्ट्रेस शून्य असलेले तापमान एकच असेल असे नाही.

प्रतिसाद १२ (प्रतिसाद १चे लेखक)

प्रतिसाद २ मधला भेद मला मान्य आहे. सारखी माहिती दिलेल्या दोन गणितांना अनिश्चिततेची सवलत देता येत नाही, माझे पहिले विधान घाईचे होते.

तरीही वरच्या प्रतिसादातल्या ‘जुळतात आणि दोन्ही चुकतात’ या शब्दांवर थोडे थांबावे असे वाटते, कारण माझ्या कामात हीच चूक अधिक महागात पडलेली मी पाहिली आहे. धागाकर्त्यांची दांडी २० मिमी ऐवजी ५ मिमी जाडीची असती तर काय झाले असते? हातचे गणित १९२ सांगेल आणि रेषीय सिम्युलेशनही १९२ सांगेल, कारण स्ट्रेसच्या सूत्रात जाडी येतच नाही. प्रत्यक्षात मात्र दोन्ही टोके ताठ धरलेल्या, ५०० मिमी लांबीच्या त्या पट्टीची प्रभावी लांबी २५० मिमी आणि छेदाची परिभ्रमण त्रिज्या (छेद वाकण्याला किती विरोध करतो त्याचे माप) १.४४ मिमी आहे, म्हणजे कृशता गुणोत्तर (या दोघांचा भागाकार) १७३ आहे. सडपातळ दांडी दाबाखाली कधी वाकते हे सांगणाऱ्या ऑयलरच्या सूत्राने ती ६५.८ मेगापास्कललाच बाजूला वाकते, म्हणजे तापमान अवघे २७ अंश वाढल्यावर. २० मिमी जाडीला हीच मर्यादा सुमारे ४३९ अंशांची आहे, म्हणून या उदाहरणात तो प्रश्न उद्भवला नाही. तीच गोष्ट नमनाची, म्हणजे पदार्थ कायमचा विकृत होऊ लागण्याची. साध्या स्टीलची नमन मर्यादा २५० मेगापास्कल धरली तर पूर्ण अडवलेल्या दांडीत १०४ अंशांच्या वाढीनंतर रेषीय गणिताला अर्थच उरत नाही, मग ते कागदावरचे असो वा संगणकावरचे.

धागाकर्त्यांना विचारतो : आपले प्रत्यक्ष काम कशाचे आहे?

प्रतिसाद १३ (धागाकर्ता)

आपण विचारलेत हे फार बरे झाले. माझे प्रत्यक्ष काम ५०० मिमी लांबीच्या, २० मिमी रुंद आणि ५ मिमी जाड स्टीलच्या पट्टीचेच आहे. ती दोन्ही टोकांना एका चौकटीत बसवलेली आहे. पट्टी १०० अंशांपर्यंत तापते आणि चौकट २० अंशांच्या आसपासच राहते.

आपला प्रतिसाद वाचून चौकटीचे सिम्युलेशन वेगळे केले. पट्टी काढून टाकली आणि पट्टीच्या जागी दोन्ही टोकांवर १००० न्यूटनचे समान, विरुद्ध बल लावले. टोकांमधले अंतर ०.०५ मिमी वाढले, म्हणजे चौकटीचा ताठपणा दर मिमीला २०,००० न्यूटन आहे. पट्टीचा स्वतःचा अक्षीय ताठपणा, छेद × यंग गुणांक ÷ लांबी, ४०,००० येतो. चौकट पट्टीपेक्षा मऊ असल्यामुळे स्ट्रेस पूर्ण १९२ न येता त्याला (१ + ४०,००० ÷ २०,०००), म्हणजे ३ ने भागावे लागते आणि ६४ मेगापास्कल मिळतात. पट्टी आणि चौकट एकत्र घेऊन, संदर्भ तापमान २० ठेवून केलेल्या सिम्युलेशनमध्येही पट्टीच्या मध्यावर ६४.१ आले. उरलेला ०.१ चा फरक पट्टीच्या टोकांशी रोखलेल्या आडव्या प्रसरणाचा आहे. आडवे बंधन सोडून तो ६४.० होतो हे तपासले.

पण वाकण्याची मर्यादा ६५.८ आहे. तापमानाच्या भाषेत ती ८२ अंशांची वाढ होते आणि माझी वाढ ८० अंशांची आहे. शिवाय हे गणित चौकट पट्टीच्या टोकांना जराही फिरू देत नाही असे धरून केलेले आहे, जे प्रत्यक्षात पूर्णपणे खरे नसणार.

म्हणून पट्टीच्या एका टोकाला स्क्रूच्या भोकाऐवजी लांबट खाच देण्याचे ठरवले आहे. मुक्त वाढ ०.४८ मिमी असल्याने खाचेत लांबीच्या दिशेने १ मिमी मोकळीक ठेवतो आणि ते टोक घट्ट न आवळता सरकते ठेवतो. नव्या मॉडेलवर प्रतिसाद ६ मधली पहिली चाचणी केली : सरकत्या टोकाचे विस्थापन ०.४८० मिमी आणि दोन्ही टोकांची अक्षीय प्रतिक्रियाबले शून्य.